एकदा चाक हलवून बघा!

एक साधा प्रश्न. भोक एच ७ आणि शाफ्ट पी ६, हा कोणता फिट? वर्गात विचारलं तर निम्मे हात वर जातील. क्लिअरन्स, ट्रान्झिशन, इंटरफिअरन्स हे तीन शब्द तर आपल्याला झोपेतून उठवलं तरी येतात. आता दुसरा प्रश्न. कॉलेजच्या पार्किंगमध्ये तुमची जी गाडी उभी आहे, तिच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग हबमध्ये घट्ट बसलंय की सैल झालंय? इथे मात्र सगळे गप्प! फार तर एखादा म्हणेल, "मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंगला टाकली होती, त्यांनी बघितलं असेल की."

हे जे "असेल" आहे ना, ते मला पटत नाही. हा लेख त्या "असेल"वरच आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. चाकाच्या बेअरिंगचा फिट आणि एंड प्ले तपासणं हे गाडी ज्या घरात आहे त्या घराचं काम आहे. बेअरिंग बदलायचं काम मेकॅनिकचं असू दे, पण तपासायचं आपलं. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, खर्च शून्य, आणि त्याची थिअरी तर आपण फी भरून शिकतोय.

मी राहते कार्ल्याला. आमच्याकडे गाडी म्हणजे कट्ट्यावर बसून मिरवायची वस्तू नाही. दूध, शाळा, शेत, मळवली स्टेशन, लोणावळ्याचा बाजार, सगळं तिच्यावर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ साली पूर्ण सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी. त्यामुळे दुचाकीवाल्याला जुना हायवे, म्हणजे पूर्वीचा एनएच ४ आणि आताचा एनएच ४८, याशिवाय पर्याय नाही. माझे पप्पा रोज रात्री याच रस्त्याने घरी येतात. शनिवार-रविवारी तर कार्ला फाट्यावर एकवीरेला जाणारे, लेणी बघायला आलेले आणि लोणावळ्याला "पाऊस एन्जॉय" करायला निघालेले अशी सगळी गर्दी एकत्र होते. त्या गर्दीत चाक डगमगणारी एक गाडी किती जणांना अडचणीत आणू शकते याचा विचार करा.

त्यात आमचा पाऊस! पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो, लोणावळ्याच्या बाजूला चार हजारांच्या वर. आमच्या गाड्या चार महिने पाण्यातून आणि भाताच्या खाचरातल्या चिखलातून जातात. मग वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचा पाइप थेट हबवर धरतो आणि सीलच्या फटीतून पाणी आत ढकलतो. ग्रीसमध्ये एकदा पाणी शिरलं की गंज, गंजाचे खड्डे आणि मग खरखर. म्हणून पुण्यातल्या माणसाने वर्षातून एकदा चाक तपासलं तर एक वेळ चालेल, पण मावळातल्याने पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा तपासायलाच हवं.

आता थोडं तांत्रिक. मेकॅनिकलवाल्यांनी कंटाळू नका, कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरू नका.

आजोबांच्या बैलगाडीचं चाक आठवा. लोखंडी आसावर ते चांगलंच सैल बसवलेलं असतं. डावी-उजवीकडे सरकायला मुद्दाम जागा, आत वंगण, आणि चाक निघून येऊ नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ. चाक आसाच्या दिशेने जेवढं सरकतं, तो झाला एंड प्ले. बैलगाडीत तो डोळ्यांनी दिसतो आणि कानांनी ऐकूही येतो. बैलाच्या वेगाला ते चालतं. ताशी साठच्या वेगाला नाही चालत. म्हणून मोटरसायकलच्या हबमध्ये दोन बाजूंना दोन बॉल बेअरिंग असतात आणि त्यांच्यामध्ये एक नळी, म्हणजे स्पेसर. अ‍ॅक्सलचा नट आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा आणि मधला स्पेसर एकमेकांवर दाबले जातात आणि अ‍ॅक्सलबरोबर एकजीव होऊन स्थिर राहतात. फिरतं ते हब, आणि त्याच्याबरोबर बेअरिंगची बाहेरची रिंग.

फिटचा सगळा खेळ या एका वाक्यात आहे. गाडीचं वजन नेहमी एकाच दिशेने येतं, पण बाहेरची रिंग फिरत असते. म्हणून तिच्या प्रत्येक बिंदूवर आळीपाळीने भार येतो. ती हबमध्ये जराही सैल असेल तर ती हबच्या आत हळूहळू घरंगळत सरकायला लागते आणि अ‍ॅल्युमिनियमची बैठक खाते. म्हणून बाहेरची रिंग घट्ट हवी. आतली रिंग फिरत नाही, शिवाय पंक्चर काढताना अ‍ॅक्सल बाहेर काढावा लागतो. म्हणून आतला फिट हाताने अ‍ॅक्सल सरकेल इतका मोकळा. आता सांगा, हे कारण आपल्यापैकी किती जणांनी वहीत लिहिलंय आणि किती जणांनी चाकाकडे बघून समजून घेतलंय?

हे आकडे किती लहान असतात तेही बघा. ६३०१ नंबरचं बेअरिंग घ्या. आतला व्यास १२ मिमी, बाहेरचा ३७, जाडी १२. हबचं भोक उदाहरणादाखल एन ७ धरा. तक्त्याप्रमाणे ते ३७ मिमीपेक्षा ८ ते ३३ मायक्रॉनने लहान असतं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास मात्र ३७ ला बरोबर किंवा त्याहून ११ मायक्रॉनपर्यंत कमी. म्हणजे जास्तीत जास्त घट्टपणा ३३ मायक्रॉन, आणि अगदीच नशीब खराब असेल तर ३ मायक्रॉन सैल. आपल्या डोक्याचा केस यापेक्षा जाड असतो. आता खंडाळ्याचा घाट उतरताना ड्रम ब्रेक तापला आणि हब-बेअरिंग दोन्ही ४० अंशांनी गरम झाली असं समजा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हिशोब केला तर ३७ मिमी व्यासाला साधारण १६ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे मुळात १० मायक्रॉनचा घट्टपणा असलेलं बेअरिंग घाटाच्या मध्यावर सैल! घरासमोर उभी असताना गाडी ठणठणीत आणि उतारावर डगमगते, त्यामागे असंही कारण असू शकतं.

आता घरी तपासायचं कसं?

पहिली पायरी. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. पुढचं चाक उचललं जाईल इतपत मागे कोणालातरी बसवा. आमच्याकडे हे काम धाकट्या भावाकडे असतं. चाक घड्याळात बारा आणि सहा वाजता काटे असतात तिथे दोन हातांनी धरा आणि एक हात ढकला, एक ओढा. मग तीन आणि नऊवर तेच करा, फक्त तेव्हा कोणीतरी हँडल घट्ट धरायला हवं. "टक" असा बारीक धक्का हाताला लागतो का ते बघा. इथे भूमिती आपल्या बाजूने आहे. दोन बेअरिंगमधलं अंतर ७० मिमी आणि टायरची त्रिज्या २८० मिमी धरली, तर बेअरिंगमधली मोकळीक टायरच्या काठावर आठपट होऊन दिसते. नव्या बेअरिंगमध्येही थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. या मापाला साध्या बेअरिंगमध्ये ३ ते १८ मायक्रॉन, सी ३ प्रकारात ११ ते २५. ती आठपट होऊनही फार तर ०.२ मिमी, म्हणजे हाताला जेमतेम कळेल. पण बेअरिंग झिजून मोकळीक ०.१ मिमी झाली की टायरवर ०.८ मिमी! हे कोणालाही कळतं. डायल गेज नसला तरी चालेल, टायरच आपला डायल गेज.

दुसरी पायरी म्हणजे खात्री. चाक हललं म्हणून लगेच बेअरिंगला दोष देऊ नका. हँडलचा कोनसेट सैल असला तरी चाक हलल्यासारखं वाटतं. म्हणून पुढचे शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवा. ते स्वतःच हलत असतील तर आजार वर आहे. ते स्थिर आहेत आणि हबच तेवढं हलतंय, तर आजार चाकात. मागच्या चाकाला हाच गोंधळ स्विंगआर्मच्या बुशमुळे होतो. ही खात्री केली नाही तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तिसरी पायरी, एंड प्ले. चाक दोन्ही हातांनी धरून तिरकं न करता सरळ डावी-उजवीकडे ढकला. अ‍ॅक्सलचा नट मॅन्युअलप्रमाणे आवळलेला असताना हाताला जाणवेल असा प्ले तिथे नको. त्याच वेळी चाक मोकळं फिरायलाही हवं. ब्रेक जरा सैल करून चाक फिरवा. दुसरा हात शॉकअपच्या खालच्या टोकाला ठेवा, किंवा मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक अ‍ॅक्सलला आणि मूठ कानाला लावा. चांगलं बेअरिंग जवळजवळ गप्प असतं. खराब झालेलं जात्यासारखं घरघरतं.

इथे एक लक्षण सगळ्यांनी पाठ करावं असं आहे. नट सैल असताना चाक छान फिरतं आणि नट आवळला की जड होतं, तर स्पेसर आखूड आहे, गायब आहे किंवा बेअरिंग पूर्ण आत बसलेलं नाही. अशा वेळी नट आतल्या रिंगांना एकमेकींकडे ओढतो, बॉल खाचेच्या कडेवर चढतात आणि नवंकोरं बेअरिंगसुद्धा लवकर मरतं. यावर "नट थोडा सैल ठेवा" हा सल्ला देणारे महाभाग आहेत. कृपया त्यांचं ऐकू नका! सैल अ‍ॅक्सल हा उपाय नव्हे, तो दुसरा अपघात आहे.

चौथी पायरी फक्त चाक काढलेलं असेल तेव्हा, उदाहरणार्थ पंक्चरच्या वेळी. आतल्या रिंगेत बोट घालून ती सावकाश फिरवा. मध्ये मध्ये अडकल्यासारखं किंवा वाळू असल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलं. बाहेरची रिंग अंगठ्यांनी दाबून बघा. ती हबमध्ये हलता कामा नये. बैठकीच्या कडेला करड्या रंगाची पूड दिसली किंवा बेअरिंग हाताने सहज बाहेर आलं, तर फिट संपला आहे. तिथे नवीन बेअरिंग टाकून काही होणार नाही, कारण दुखणं हबचं आहे. जाता जाता अ‍ॅक्सल स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लोळवून बघा. वाकडा असेल तर खालून उजेड लपकताना दिसतो. आईची परवानगी मात्र आधी घ्या आणि ग्रीस पुसून घ्या!

आता या लेखाची खरी गरज मला का वाटली ते सांगते. आमच्या गाडीचं पुढचं बेअरिंग एका गॅरेजमध्ये बदललं. मी तिथे उभी होते. जुनं बेअरिंग छिन्नीने ठोकून काढलं आणि नवीन, थेट आतल्या रिंगेवर हातोडी मारत, आत बसवलं. मी म्हटलं, "दादा, बाहेरच्या रिंगेवर ठोका ना." उत्तर आलं, "ताई, वीस वर्षं असंच बसवतोय." तीन महिन्यांत चाक घरघरायला लागलं. आतल्या रिंगेवर मारलेला प्रत्येक घाव बॉलमधून बाहेरच्या रिंगेपर्यंत जातो आणि खाचेत बारीक खड्डे पाडतो. बेअरिंग बसतानाच म्हातारं होऊन बसतं. दुसऱ्या वेळी, दुसऱ्याच गॅरेजमध्ये, बैठक सैल आहे म्हणून पंच मारून ठिपके पाडले आणि "आता घट्ट" म्हणून सांगितलं. पंचाने उठलेले ते चार-सहा कंगोरे म्हणजे बैठक नव्हे. अख्खा भार त्या कंगोऱ्यांवर येतो, मऊ अ‍ॅल्युमिनियम दबतं आणि प्ले परत. पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवणं हा त्याचाच चुलत भाऊ.

या गॅरेजवाल्यांवर माझा राग नाही. त्यांना कोणी कारण सांगितलं नाही. आणि ज्यांना कारण माहीत आहे, म्हणजे आपल्याला, त्यांनी हातात चाक कधी धरलं नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हातोडी न लावता बेअरिंग बसवायचं गणित अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. हब ७० अंशांनी तापवलं तर ३७ मिमीचं भोक साधारण ६० मायक्रॉनने मोठं होतं. बेअरिंग पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवून ४० अंशांनी थंड केलं तर ते साधारण १८ मायक्रॉनने लहान होतं. मघाशी जास्तीत जास्त घट्टपणा किती होता? ३३! म्हणजे बेअरिंग हाताने आत जाईल, फक्त न रेंगाळता एका दमात बसवायचं, कारण आत गेल्यावर ते भराभर तापतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या बाजूचं बेअरिंग आधी पूर्ण टेकवायचं, मग स्पेसर, आणि दुसरं स्पेसरला नुसतं टेकेपर्यंत.

काही जण म्हणतील, बेअरिंग किती स्वस्त मिळतं, दर वर्षी बदलून टाकायचं, एवढा काथ्याकूट कशाला? माझं उत्तर असं की न तपासता बदललेलं बेअरिंग म्हणजे डॉक्टरला न दाखवता घेतलेली गोळी. कारण हबमध्ये किंवा स्पेसरमध्ये असेल तर दहा बेअरिंग टाकली तरी तेच होणार. उलट दर वेळी ठोकाठोकीत बैठक थोडी आणखी खराब होणार.

दुसरे म्हणतील, अर्धवट ज्ञानावर घरी प्रयोग करणं धोक्याचं. हे मला अर्धं मान्य आहे. म्हणूनच मी तपासणी आणि दुरुस्ती वेगळी ठेवली. चाक हलवून बघायला काहीच खोलावं लागत नाही, त्यात बिघडण्यासारखं काय आहे? पण टॉर्क रेंच नाही, बेअरिंग काढायचं साधन नाही, तर चाक खोलायच्या भानगडीत पडू नका. मेकॅनिककडेच जा. फक्त रिकाम्या डोक्याने जाऊ नका. "गाडी हलतेय" असं सांगणारा गिऱ्हाईक आणि "नट आवळल्यावर चाक जड होतंय, स्पेसर बघा" असं सांगणारा गिऱ्हाईक यांना मिळणारं काम वेगळं असतं. हा माझा स्वतःचा अनुभव आहे, आणि मुलगी म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर तर तो जास्तच येतो.

आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताखाली बसवलेल्या लाकडी कमानी आजही आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासचं काम! तिथल्या एका शिलालेखात दरवाजा करणाऱ्या सुताराचं नाव कोरलेलं आहे. सामी, वेणुवासाचा मुलगा, राहणार धेनुकाकट. दान देणाऱ्यांबरोबर काम करणाऱ्याचंही नाव. मला यातून एवढंच दिसतं की काम नीट बसवणं ही त्या काळीही नाव लावून सांगण्यासारखी गोष्ट होती. आपल्या भागात तर एसकेएफने १९६० च्या दशकात चिंचवडला बेअरिंगचा कारखाना काढला. लोणावळा लोकलने येता-जाता आपण चिंचवड स्टेशन रोज बघतो. मायक्रॉनमध्ये माप राखून बेअरिंग बनवायचं, आणि शेवटी ते आपल्या अंगणात हातोडीने ठोकायचं? हे काही बरोबर नाही.

म्हणून दोन मागण्या. एक आपल्या कॉलेजकडे. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला चकाचक शाफ्ट आणि डायल गेज असतोच, त्याच्या शेजारी भंगारातून आणलेली दोन हब ठेवा, एक चांगलं आणि एक सैल. प्रत्येकाने दोन्ही हाताळून फरक सांगायचा आणि मग मोजायचा. ओरलला एक्स्टर्नलने व्याख्या विचारण्यापेक्षा चाक हातात द्यावं. निकाल काय लागेल ते लागेल, पण फिट म्हणजे काय हे आयुष्यभर लक्षात राहील.

दुसरी मागणी तुमच्याकडे. सबमिशन, टर्मवर्क, बॅकलॉग हे सगळं चालूच राहणार. येत्या रविवारी त्यातली पंधरा मिनिटं काढा. स्वतःची गाडी नसेल तर वडिलांची, काकांची किंवा शेजाऱ्यांची स्टँडवर घ्या. ज्या गाडीवरून आपलं माणूस रात्री घरी येतं, तिचं चाक एकदा दोन हातांनी धरून हलवून बघा. काही हललं नाही तर उत्तमच, पण ते तुम्हाला माहीत असेल. आणि हललं, तर ते रस्त्यावर कळण्याआधी अंगणात कळलं म्हणायचं!